कुमुद घरी येते तो भाग

२९ जून, रविवार

पुस्तक प्रदर्शनातून आत्ताच आले. चहासुद्धा केला नाही. 'उलट्या नदीचा देश'ची नवी आवृत्ती निघालीय. सहाही भाग ओळीनं मांडलेले, चकचकीत कव्हरं, प्रत्येकावर ठळक आकडा. मी कौतुकानं सहावा उचलला, तर तो आमचा पहिला! पातळसा, धुक्यातल्या बेटाचा. म्हटलं, छापणाऱ्यांनी घोळ घातला. स्टॉलवरच्या मुलीला सांगितलंसुद्धा, "हे आकडे चुकलेत बरं का." ती म्हणाली, "नाही मॅडम, माझ्या बाबांनी वाचली तेव्हापासून हेच आकडे आहेत."

मग पहिला उघडला. तो आमचा सहावा. सगळ्यात जाडा.

म्हणजे मी आणि ताईनं ही गोष्ट शेवटाकडून वाचली. एकदा नाही, दर सुट्टीत. इतकी वर्षं.

सहाही विकत घेतले. मिलिंद म्हणाला, "घरी आहेत ना तेच?" तेच नाहीत ना, तेच तर सांगून राहिले मघापासून. नवऱ्याला मोटर रिवाइंडिंगच्या पलीकडे काही समजवायचं म्हणजे.

१ जुलै, मंगळवार

रक्ततपासणीच्या लॅबमधलं काम आटपून आले आणि आधी माळ्यावरची पेटी काढली. बाबांनी बांधलेला संच. खाकी कापड अजून जसंच्या तसं. बाबा खापरखेड्याला विजेच्या प्लांटमध्ये होते. युनिफॉर्मची पॅंट फाटली की आई तिची पिशवी शिवायची. त्या वर्षी पिशव्या झाल्या नाहीत, पुस्तकांना कव्हरं झाली.

महाल भागातल्या रद्दीवाल्याकडून त्यांनी हे सहा भाग आणले तेव्हा कव्हरं नव्हती, पुढची पानं फाटलेली. कुठलं आधी, कुठलं नंतर, कसं कळावं? बाबांनी एकेक पुस्तक तळहातावर घेऊन पाहिलं. बारीक ते पहिलं, जाड ते शेवटचं. पहिलीचं पुस्तक पातळ असतं, दहावीचं जाड, तसंच हेही असणार. लाल ऑइलपेंटनं पाठीवर आकडे घातले. विषय संपला.

घोळ जाणवायचा. एका भागात मेलेला नावाडी पुढच्या भागात मजेत विडी ओढताना दिसायचा. मी विचारायची, "ताई, हा तं मेला होता ना वं?" ताई पान उलटत म्हणायची, "तिथं नदी समुद्रातून डोंगराकडे वाहते ना? मग मानसं बी तशीच." मला पटायचं. खरं सांगायचं तर अजून पटतं.

आमच्या पहिल्या भागात धुक्यातल्या बेटावर एक बाई असते. नावांना वाट सापडावी म्हणून घंटा वाजवते. नंदू नावाचा मुलगा तिला घरी न्यायला येतो, ती येत नाही, तो एकटा परत जातो. आम्हाला वाटायचं, कोण कुठली बाई, जाऊ दे. मग पुढच्या भागांत हळूहळू कळायचं की ती त्याची मोठी बहीण कुमुद. आणि आमच्या जाड्या शेवटच्या भागात कुमुद-नंदू दोघं भिजलेले घरी येतात, आई गरम भात वाढते. घंटावाली घरी आली! मी दर वेळी त्या भातापाशी टाळ्या वाजवायची.

छापलेल्या क्रमात तो भात पहिल्याच भागात खाऊन झालेला आहे.

६ जुलै, रविवार

बुद्धविहाराच्या लोखंडेकाकू सकाळीच दारात. चेहऱ्यावर पेढे वाटायला आल्यासारखा आनंद. या वर्षीचा वर्षावास आपल्याच विहारात. एक आर्याजी, म्हणजे भिक्खुणी, येणार, पावसाळ्याचे तीनही महिने इथेच मुक्काम.

"कोण आर्याजी?" मी विचारलं.

"आता वं, कोण म्हंजे? तुहीच बहीन!"

माझ्या हातात पोळीचं पीठ होतं. ते तसंच सुकलं.

ताई. भिक्खुणी झाल्यावरचं नवं नाव आहे तिला, चांगलं आहे, पण मी ते इथे लिहिणार नाही. माझ्या हातून लिहिलंच जात नाही. शाळेत शिकवत होती, लग्नाचं पाहून राहिलो होतो. सुट्टीत दहा दिवस केस काढून चीवरात राहायच्या श्रामणेरी शिबिराला म्हणून गेली, ती तिकडेच राहिली. छिंदवाड्याच्या पुढे डोंगरात त्यांचं केंद्र आहे. बाबा गेले तेव्हा एका दुपारपुरती आली होती. सगळ्यांना शांत केलं, मलाही. मला शांत व्हायचं नव्हतं.

आई हे सगळं आतून ऐकत होती. काकू गेल्यावर एवढंच म्हणाली, "मी काही विहारात येत नाई. माह्याच पोरीच्या पाया मी पडू?"

विहारातल्या बायकांत हीच आई मान वर करून सांगते, माझी मोठी संघात आहे म्हणून. घरी ताईचा फोटो कपाटात, साड्यांच्या खाली.

१० जुलै, गुरुवार. आषाढी पौर्णिमा

आली.

गर्दी होती. सगळ्यांनी ओळीनं पंचांग प्रणाम केला, मीही केला. "वंदामि आर्याजी." वरून आवाज, "सुखी होतु." माझ्या आधीच्या बाईला जसं म्हटलं तसंच, माझ्या नंतरच्या बाईलाही तसंच. डोकं उचलून पाहिलं तर पुढच्या बाईकडे बघत होती.

बारीक झालीय. भुवया बाबांच्या. प्रवचन शुद्ध पुस्तकी मराठीत, मधे मधे हिंदी. "मले-तुले" कुठल्या कुठे गेलं.

मि.ला म्हटलं, मी आता रोज जाणार. म्हणाला, "जा ना. स्वयंपाकाचं मी बघतो." बघतो म्हणजे समोसे आणतो.

१९ जुलै, शनिवार

नव्या संचातले तीन भाग झाले, खऱ्या क्रमानं. विचित्र वाटतं. सगळे सुरुवातीला सुखात, एकत्र, आणि पान पान पुढे जावं तसे कमी होत जातात. नावाडी आहे आहे म्हणता मेला. या वेळी मेला तो मेलाच. पुढच्या भागात विडी नाही.

हिशोब सोपा आहे. चौथ्यात कुमुद घंटेचा आवाज पहिल्यांदा ऐकणार. पाचव्यात बेटावर थांबणार. सहाव्यात नंदू येऊन हात हलवत परत. मला माहीत आहे सगळं. तरी वाचताना वाटतं, या आवृत्तीत काही बदललं असेल.

विहारात रोज जाते. रोज "सुखी होतु". काल पायरीवर तिनं विचारलं, "घरी सर्व मंगल?" मंगल! मी म्हटलं, "हो आर्याजी." आणि घरी येऊन कुकरवर राग काढला.

काय पाहिजे मला? लिहूनच टाकते. मला ती परत पाहिजे. चीवर उतरवून नको, संसार करायला नको, तेवढी अक्कल आहे मला. एक दिवस ताई होऊन माझ्या घरी यावी. गादीवर लोळावी. मी वाचावं, तिनं मधे मधे तोडावं. एवढंच. आणि हे एवढंच मागायला तोंड उघडत नाही माझं, कारण ती नाही म्हणाली तर पुढे काही उरत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

रोज एका घरचं भोजनदान असतं. सगळ्या बायकांनी नंबर लावून टाकले, आणि सख्खी बहीण मागे राहिली. लोखंडेकाकू म्हणाल्या, "तू बोललीच नाई ना वं! आता सप्टेंबरात रविवार रिकामा आहे एक." म्हटलं द्या. तिला आपल्याच घरी जेवायला बोलवायला मला तारीख मिळाली.

आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. निवडत राहिली. मग, "पाटोडी खाते का अजून?"

"मला काय माहीत?"

"विचारता येत नाई का तुले?"

विचारायचं नसतं आई. जे वाढलं ते त्या घेतात. हे तिलाही माहीत आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज लिहायलाच पाहिजे.

आर्याजींना आठ दिवस चक्कर येतेय, रक्त तपासायचं, म्हणून काकूंचा फोन लॅबमध्ये. सुया-नळ्यांचा डबा घेऊन मीच गेले, बाकी कोणाला जाऊ देते का! विहारामागची खोली. ती चटईवर बसली होती. उजवा हात उघडाच असतो त्यांचा. तिनं तो पुढे केला.

मी किती वर्षांपासून लोकांच्या नसा शोधते. म्हाताऱ्यांच्या, बाळांच्या, सुया पाहून पळणाऱ्यांच्या. आणि आज साधा पट्टा दोनदा बांधून दोनदा सोडला. मी आपलं मनाशी धरून चालले होते की तिला शिवायचं नसतं. बाईनं बाईला शिवलेलं चालतं, कोणी मना केलंच नव्हतं. मीच एवढे दिवस लांबून हात जोडून राहिले. कोपराच्या आत तिला भाजल्याचा डाग आहे, चहाचा. तो आहे तिथेच होता. मी अंगठा त्यावर ठेवला.

नस सापडेना. पहिली सुई चुकली. माझी सुई चुकत नाही कधी.

दुसऱ्यांदा टोचली तर तोंडातून निघालं तिच्या, "हळू ना वं, पज्जे!"

पज्जी. प्रज्ञाची पज्जी. बाबांनंतर कोणी म्हटलं नाही मला.

रक्त येत राहिलं. मी बोळा दाबून धरला, गरजेपेक्षा जास्त वेळ. तिनं हात काढून घेतला नाही. मग काकू लिंबूपाणी घेऊन आल्या आणि ती परत आर्याजी झाली. म्हणाली, "कल्याण हो."

कल्याण कशाचं, गाडीवर चौकापर्यंत रडत आले. सिग्नलवर बाजूचा म्हणे, "काय झालं ताई?" त्यालाही ताईच म्हणावंसं वाटलं.

१७ ऑगस्ट, रविवार

रिपोर्ट. हिमोग्लोबिन फारच कमी, बी-१२ही. घाबरण्यासारखं नाही, पण गोळ्या, इंजेक्शनं. एक वेळ जेवायचं, दुपारनंतर काही नाही, होणार काय दुसरं.

आईला सांगितलं तर आई उठून तिळाचे लाडू वळायला बसली. ऑगस्टात! गूळ-तीळ, खजूर. "सकायच्या पारी खाता येते ना? मग झालं." डबा मी नेऊन दिला. कोणी दिला ते सांगू नको म्हणाली होती. मी सांगितलं. ताईनं झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं. हसली का? हसली असावी.

३१ ऑगस्ट, रविवार

सहावा भाग संपवला. पातळ तर आहे, एका बैठकीत होतो.

लहानपणी हे वाचताना काहीच वाटलं नव्हतं. वाटणार कसं, कुमुद कोण हेच माहीत नव्हतं. आता पाच भाग तिच्यासोबत राहून आले. तिला पोहता येत नाही, ती रागावली की डाळिंबाचे दाणे मोजते, नंदूला ती पाठीवर घेऊन नदी ओलांडते, सगळं माहीत. आणि आता नंदू बेटावर येतो, म्हणतो, चल. ती म्हणते, घंटा थांबली तर नावा खडकावर जातील. तो म्हणतो, दुसरं कोणी वाजवेल. ती म्हणते, मला वाजवावीशी वाटते. म्हणजे कोणी बांधून घातलेलं नाही तिला! हे त्या वेळी कळलंच नव्हतं मला. मला वाटायचं शाप-बिप असेल.

तिला आवडतं तिथं. हे जास्त लागतं.

मी गाढव. आतून कुठेतरी मी बाबांच्या क्रमावर विसंबून होते. आधी घंटा, मग घर. ताई गेली तेव्हा सगळे रडले, मी कमी रडले. मला वाटलं हा पातळ भाग आहे. जाड पुढे यायचाय.

मि.नं विचारलं काय झालं. सांगितलं सगळं. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. मग म्हणाला, "मग आपला क्रम चांगला होता ना? बाबांचा?" हो. चांगलाच होता.

१४ सप्टेंबर, रविवार

भोजनदान झालं.

पहाटेपासून आई स्वयंपाकघरात, मला पाय ठेवू देईना. पाटोडी, तर्रीदार रस्सा, वांग्याचं भरीत, भात, पोळ्या, खीर. मि.नं जिना धुतला. मी खाकी संच बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडला, बसल्या जागेवरून दिसेल असा. लबाडी म्हणा.

अकराच्या सुमारास आली. काकू सोबत. पाय धुतले, आसनावर बसली, आम्ही त्रिशरण-पंचशील घेतलं. आई पडद्याआड. वाढलं मी. भिक्षापात्रात सगळं एकत्रच घेतात त्या. रस्सा, त्यावर भात, त्यातच खीर. पडद्याआडून आईचा आवाज आलाच, "खिरीत पाटोडी कालवली वं तिनं!" काकू खोकल्या. ताई खाली बघून जेवत होती, पण खांदे हलत होते. हसत होती! मला दिसलं.

सगळं खाल्लं. पाटोडी दोनदा घेतली. वाढू का म्हणून मी नुसतं भांडं पुढे केलं आणि तिनं पात्र पुढे केलं.

उपदेशाची देसना छोटीच दिली, मातापित्यांवर. काकू खाली चपला शोधायला गेल्या, मि. रिक्षा बघायला. दोन मिनिटं. एवढीच होती माझ्याकडे. मी संचाकडे बोट दाखवलं. "आर्याजी, ही पुस्तकं आठवतात?"

"बाबांची पॅंट," ती म्हणाली.

मी भडाभडा सांगितलं. क्रम, आकडे, जाड-बारीक, स्टॉलवरची मुलगी. ती तोंडावर हात ठेवून हसली, अगदी तशीच. "आणि मी तुला नदीबद्दल काय काय सांगायची!"

"म्हणजे कुमुद घरी येत नाही," मी म्हटलं. आवाज फाटला माझा. "शेवटी. खरं तर. ती येतच नाही ताई."

ताई म्हटलं मी तिला. म्हटलं तर म्हटलं.

तिनं पाठीवरच्या लाल आकड्यांकडे पाहिलं. मग विचारते, "नंदू किती वेळ थांबतो गं बेटावर?"

"नाव परत जाईपर्यंत. थोडा वेळ."

"हं," म्हणाली. तेवढ्यात रिक्षा. पडद्याकडे वळून हात जोडले तिनं. रिवाजाप्रमाणे त्यांनी कोणाला हात जोडायचे नसतात, आईलासुद्धा नाही. जोडले. पडदा हलला नाही.

जिन्याखाली रिक्षाचा आवाज गेल्यावर आई बाहेर आली आणि मला म्हणते, "काय बोल्ली?" म्हटलं, "तू होतीस ना पडद्यामागे!" "मले ऐकू नाई आलं." सगळं ऐकू आलं होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर चीड. नंदू किती वेळ थांबतो! हा काय प्रश्न झाला? मी रडून राहिले आणि ती मास्तरीणबाईसारखा प्रश्न घालते. एका पेशंटचं नाव चुकीचं लिहिलं. साहेब बोलले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

दीक्षाभूमीवर जाऊन आलो. गाव लोटलेलं. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. आईचे पाय दुखतात तरी ती दरवर्षी येते. रांगेत पुढे एक खूप म्हातारी बाई एका कोवळ्या श्रामणेरीपुढे वाकली. नात असेल की कोण असेल. वाकायला वेळ लागला, उठायला त्याहून जास्त. आई बघत राहिली. मी म्हटलं, "चल आई." "चालतो ना, घाई काहून करून राहिली?" म्हणाली, आणि तिथेच उभी.

७ ऑक्टोबर, मंगळवार. आश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. चीवरदान, लांबलचक रांग, लाउडस्पीकर खरखरतोय. ताईच्या तब्येतीत फरक आहे, गालावर रंग आलाय. मी दर शनिवारी इंजेक्शन दिलं त्याचा. आमच्या भेटी त्या. सुई, बोळा, अंगठा. बोलणं फारसं नाही. मला पुरत नव्हतं. पण शनिवार कधी येतो असं व्हायचं.

आता शनिवार बंद.

१२ ऑक्टोबर, रविवार

गेली. सकाळच्या गाडीनं. विहाराचे पंधरा-वीस जण पोचवायला, फुलं, घोषणा. मी मागे उभी. गोळ्यांची पिशवी तेवढी माझ्या हातात, कुठली कधी घ्यायची सांगायला म्हणून पुढे झाले. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कार्तिक पौर्णिमेपासून आमच्याकडे श्रामणेरी शिबिर आहे. दहा दिवस. तू ये."

"मी?"

"तूच. मी येऊ शकत नाही पज्जे. तू ये."

गाडी सुरू झाली, सगळे साधू साधू साधू म्हणाले, मीही म्हणाले.

इतक्या वर्षांत हे मला सुचलंच नाही. तिनं इकडे यावं, तिनं इकडे यावं. त्या पुस्तकातही नंदू येतो तो न्यायलाच येतो. राहायला येत नाही कोणी. तिच्याजवळ बसून, चल तुझी घंटा ऐकतो म्हणत कोणी राहत नाही. मीही नाही. केंद्रावर एकदाही गेले नाही मी, रागानं. पत्ता पाठ होता, तरी नाही गेले.

१९ ऑक्टोबर, रविवार

मि.ला सांगितलं. बराच वेळ कॉइल गुंडाळत राहिला.

"केस काढावे लागतात ना?"

"हो."

"दहाच दिवस?"

"दहाच."

"नक्की?"

मी हो म्हटलं. त्यानं वर पाहिलं नाही. "तुह्या बहिणीनं बी असंच सांगतलं होतं म्हणतात," म्हणाला. चिडून नाही, हळूच. मला त्याला घट्ट धरावंसं वाटलं, पण हाताला वॉर्निश होतं त्याच्या.

मी येणारच ना परत. येणारच. मला खीर खीर म्हणून आणि पाटोडी पाटोडी म्हणून खायला आवडते. मला हा माणूस आवडतो, त्याचे समोसेसुद्धा. पण ताईलाही शाळा आवडत होती.

२६ ऑक्टोबर, रविवार

आईला कोणी सांगितलं? काकूंनी. दुसरं कोण. दोन दिवस बोलत नाही. जेवण होतं, औषध होतं, बोलणं नाही. आज मीच गेले समोर. "आई, बोल ना काहीतरी. नको जाऊ म्हण."

"मी म्हनलं तं थांबशीन?"

मी टेबलावरच्या तिच्या गोळ्या मोजायला लागले.

"एक गेली," आई म्हणाली. "एक तरी राहू दे म्हनलं होतं मी. कोनाले म्हनलं होतं काय मालूम." आणि टीव्ही लावला.

रजा अजून टाकली नाही. साहेब कारण विचारतील. काय सांगू, बहिणीकडे जाऊन राहिले? खरं तर तेच आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

पौर्णिमा बुधवारी. मंगळवारची गाडी आहे. बॅग भरलेली नाही, आत ठेवलेलीही नाही, पलंगावर उघडी पडलीय. मि. तिच्याकडे न बघता शेजारी झोपतो.

सकाळी आई म्हणाली, "डोक्याले तेल लावून दे." गच्चीत उन्हात बसली, मी मागे. पांढरे, विरळ, मऊ केस. लहानपणी आम्हा दोघींना ओळीनं बसवून ती तेल लावायची, आता मी लावते. मान डुलायला लागली. मला वाटलं झोप लागली.

मग विचारते, "हे काढाले किती वेळ लागते वं?"

"कोणाचे आई? माझे?"

"तुहे काहून? माहे."

माझा हात तिच्या टाळूवर थांबला.

"तुले एकटीले नाई जाऊ देत मी," म्हणाली. "आन् तिले सांगजो, मी पाया पडन, पन सगळ्यायसमोर नाई." एवढं बोलून मान खाली केली, तेल लावून घ्यायला.

तेल जास्त झालं होतं, कानामागून मानेवर उतरलं होतं. पदरानं ते पुसत बसले.